तापीची वही: घोडी पाळणाऱ्या एका घरातील परस्परांच्या साथीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण आमच्याच घरातले आहे. त्यात माणसे तीन आहेत: मी, माझे पती आणि सासूबाई. चौथी आहे तापी नावाची कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची घोडी. आम्ही फलटण तालुक्यात राहतो. मी माध्यमिक शाळेत शिकवते, तर पती बँकेत हिशेबाचे काम पाहतात. घोड्याचा नाद माझा एकटीचा आहे. पतींनी आजवर एकदाही रिकिबीत पाय ठेवलेला नाही आणि पुढेही ठेवण्याचा त्यांचा विचार नाही. असे असताना गेली अनेक वर्षे ही घोडी आमच्या दारात नीट नांदते आहे, ती कशाच्या बळावर, हे एका रात्रीच्या निमित्ताने मला समजले. ती रात्र आणि तिच्या मागची वर्षे मी शक्य तितक्या तपशिलाने मांडते, कारण घरात घोडा आणू पाहणाऱ्या दांपत्याला खोगिराच्या किमतीपेक्षा हा तपशील अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

घोडी घरात आली तेव्हा

माझ्या मामांकडे वरातीची घोडी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला खरारा करणे, तिची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, भिजवणे आणि संध्याकाळी तिला ओढ्यावर नेणे ही कामे मी वयाच्या नवव्या वर्षापासून करत असे. लग्नानंतर पंधरा वर्षे हे सारे मनातच राहिले. 2018 च्या मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेच्या वेळी आम्ही दोघे नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला गेलो. तापीकाठी भरणारा तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. मी तो केवळ पाहायला गेले होते, असे मी तेव्हा म्हणत असे. तिथे दातांवरून चार वर्षांची ठरणारी, 59 इंच उंचीची, आत वळलेल्या कानांची एक घोडी मला इतकी भावली की दुसऱ्या दिवशीही आम्ही तिच्याच दावणीपाशी जाऊन उभे राहिलो.

पतींनी त्या वेळी जे केले ते मला तेव्हा जरा रुक्ष वाटले होते. त्यांनी विक्रेत्याशी किमतीची घासाघीस केली नाही. ती दिवसाला काय खाते, पाणी किती पिते, शेवटची नाल कधी ठोकली, धनुर्वाताची लस टोचली आहे का आणि घोडा साधारण किती वर्षे जगतो, हे प्रश्न त्यांनी विचारले. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो, हे उत्तर ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे घराच्या कर्जापेक्षा ही मुदत मोठी आहे. घ्यायची असेल तर तेवढी धरून घेऊ." घोडी घेण्याचा निर्णय त्या वाक्याने झाला. नदीच्या नावावरून आम्ही तिचे नाव तापी ठेवले.

पतींच्या मनातली घोड्याची भीती खरी आहे आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. लहानपणी एका जत्रेत ते घोड्यावरून पडले होते आणि हात मोडून दोन महिने घरी बसले होते. त्यामुळे पहिली चार वर्षे ते तापीच्या तबेल्याच्या आडव्या बांबूच्या आत फारसे आले नाहीत. त्यांनी बाहेरून करता येण्यासारखी कामे स्वतःकडे घेतली आणि त्यांसाठी लाल कापडी बांधणीची एक वही घातली. या वहीचा उल्लेख पुढे अनेकदा येईल.

वहीत काय असे, ते सांगते. सकाळ-संध्याकाळ किती बादल्या पाणी ठेवले आणि किती उरले. वैरण किती किलो टाकली. चंदीत हरभरा, जव आणि कोंडा किती. दिवसभरात लीद किती वेळा पडली. नालबंद कधी आला आणि आता कधी यायला हवा. जंताचे औषध, लस आणि दात तासण्याची तारीख. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फितीने तापीच्या छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी मोजत असे आणि ते बांबूच्या पलीकडे उभे राहून आकडे लिहून घेत. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे आणि 11,880 ने भागायचे. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली तर येणारे उत्तर म्हणजे घोड्याचे अंदाजे वजन किलोमध्ये. घेर 160 आणि लांबी 172 असताना तापीचे वजन साधारण 371 किलो भरले. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा हा घोड्याचा रोजचा आधार धरला, तर तिला साडेपाच ते साडेसात किलो वैरण लागते. मी हाताच्या अंदाजाने पेंढ्या टाकणारी. त्या पेंढ्यांना तराजू लावला तो त्यांनी.

नालबंदाचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. घोड्याच्या खुरांकडे सहा ते आठ आठवड्यांनी लक्ष द्यावे लागते आणि आमच्या भागात हे काम नीट जाणणारा माणूस चाळीस किलोमीटरवर राहतो. एका घोडीसाठी इतक्या लांब येणे त्याला परवडत नसे. देशात घोडे झपाट्याने कमी होत आहेत, हे त्यामागचे मोठे कारण आहे. 2012 च्या पशुगणनेत सुमारे सव्वासहा लाख असलेले घोडे आणि तट्टे 2019 च्या गणनेत सुमारे 3.4 लाखांवर आली. घोडे कमी झाले की त्यांच्यावर पोट असलेले कारागीरही कमी होतात आणि उरलेल्या घोड्यांचे हाल वाढतात. पतींनी आसपासच्या गावांतील वरातीच्या घोड्यांचे मालक शोधून काढले आणि एका ठरावीक रविवारी सहा-सात जनावरे आमच्या अंगणात आणायची व्यवस्था लावली. नालबंदाचा फेरा तेव्हापासून चुकलेला नाही.

त्यांनी मला एकदा ठाम नकार दिला, हेही याच हिशेबात धरले पाहिजे. 2021 मध्ये अकलूजच्या बाजारात मला दुसरी घोडी आवडली होती. त्यांनी वही उघडून दाखवली. तापीचा खर्च महिन्याला सरासरी तेरा हजारांच्या घरात होता, दुसरी आली तर दोघींच्या वैरणीत आणि औषधात कुठेतरी काटछाट अटळ होती, आणि माझा शाळेबाहेरचा वेळ तर एकीलाच जेमतेम पुरत होता. मी आठ दिवस त्यांच्याशी मोजकेच बोलले. आज मला तो नकारही तापीची बाजू घेणारा वाटतो.

18 जानेवारी 2023

त्या आठवड्यात मी तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी कोल्हापूरला होते. निघण्यापूर्वी मी एक चूक केली होती. जुनी वैरण संपत आल्यामुळे मी नवा, जाड ताटांचा ज्वारीचा कडबा सुरू केला. तोही एकदम आणि कुट्टी न करता. घोड्याच्या आहारातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा असतो, हे मला माहीत होते. शिवाय तापीचे दात तासून दीड वर्ष झाले होते. वहीत ती तारीख दोनदा लाल शाईने लिहिलेली होती आणि दोन्ही वेळा मी "परीक्षा झाल्या की बघू" असे म्हणून ती पुढे ढकलली होती.

संध्याकाळी साडेसातला पतींच्या लक्षात आले की तापीने अर्धी चंदी तशीच टाकली आहे. त्यांनी वही पाहिली. हिवाळ्यातही ती दिवसाला चोवीस-पंचवीस लिटर पाणी पीत असे. त्या दिवशी जेमतेम नऊ लिटर संपले होते. एरवी आठ-दहा वेळा पडणारी लीद तीनदाच पडली होती आणि शेवटची तर लहान, कोरडी व कठीण होती. त्यांनी मला फोन केला. मी जे उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते: "अहो, थंडी पडलीय, पाणी कमीच पिणार ती. सकाळपर्यंत बघा." घोडी माझी, अनुभव माझा, आणि ती मला जितकी कळते तितकी त्यांना कळणार नाही, ही समजूत त्या उत्तरामागे होती.

त्यांनी माझे ऐकले नाही. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

पावणेनऊच्या सुमारास तापी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली आणि वरचा ओठ उलटा करू लागली. पती बांबू ओलांडून आत गेले. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणारी धमनी बोटांनी चाचपून नाडी कशी मोजायची, हे पशुवैद्यांनी मला दाखवले होते तेव्हा ते बाहेर उभे राहून पाहत होते. त्यांनी पंधरा सेकंदांत तेरा ठोके मोजले, म्हणजे मिनिटाला 52. निरोगी घोड्याची विश्रांतीची नाडी साधारण 28 ते 44 असते. मग त्यांनी तिच्या दोन्ही कुशींना वर आणि खाली असे चार ठिकाणी कान लावून आतड्यांचा आवाज ऐकला. उजवीकडे थोडी गुरगुर होती, डावीकडे जवळजवळ शांतता. ज्या माणसाने चार वर्षे त्या जनावरापासून तीन हात अंतर राखले होते, त्याने दुखण्याने अस्वस्थ झालेल्या घोडीच्या पोटाला गाल टेकवला होता.

तापीला पोटशूळ उठला होता, आणि तो घोड्याच्या बाबतीत किरकोळ आजार नव्हे. घोड्याला ओकारी करता येत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, आणि चाऱ्याचे मुख्य पचन मागच्या मोठ्या आतड्यात होते. हे आतडे पोटात घड्या घालून बसलेले असते आणि डाव्या बाजूला ओटीपोटाजवळ एका वळणावर बरेच अरुंद होते. नीट न चावलेला जाडाभरडा चारा आणि कमी पाणी एकत्र आले की तो चारा तिथे तुंबतो. वेदनेने घोडा लोळू लागतो. काही वेळा आतड्याला पीळही पडतो आणि मग शस्त्रक्रियेखेरीज उपाय उरत नाही. अशी शस्त्रक्रिया करू शकणारे ठिकाण आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर होते.

पशुवैद्य पंचावन्न किलोमीटरवर होते. पतींनी त्यांना नाडीचा आकडा, पाण्याचे लिटर, लीद किती वेळा पडली, वैरणीतला बदल आणि दात न तासल्याची गोष्ट एका दमात सांगितली. पशुवैद्यांनी नंतर मला सांगितले की इतकी नेमकी माहिती मिळाल्यामुळे ते सकाळची वाट न पाहता त्याच वेळी निघाले. चारा काढून घ्या, पाणी राहू द्या, लोळू लागली तर दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरवा, पण दमवू नका आणि तोंडातून काहीही पाजू नका, अशा सूचना त्यांनी दिल्या. दरम्यान शेजारचे दोघेतिघे जमले होते आणि बाटलीने गोडेतेल पाजण्याचा आग्रह धरत होते. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण घोड्याला असे पाजताना तेल श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो. पतींनी वडीलधाऱ्यांना हात जोडून नाही म्हटले. गावात हे म्हणणे सोपे नसते.

सासूबाईंचा तापीला पहिल्यापासून विरोध होता. "दारात म्हैस असती तर दूध तरी मिळालं असतं," हे त्यांचे म्हणणे मी अनेकदा ऐकले होते आणि त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. त्या रात्री त्या घोंगडी पांघरून सव्वादोन तास अंगणात बॅटरी धरून उभ्या राहिल्या, कारण अंगणातला दिवा गेला होता आणि मुलगा घोडीला अंधारात फिरवत होता. दोनदा तापीने गुडघे टेकले, दोन्ही वेळा पतींनी कासऱ्याला ताण देत, हाका मारत तिला उठवले.

पशुवैद्य सव्वाअकराला पोहोचले. त्यांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले, गुदद्वारातून हात घालून तपासले आणि डाव्या बाजूच्या वळणावर कठीण गोळा लागतो आहे, पीळ मात्र नाही, असे निदान केले. नंतर नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घालून चार लिटर लिक्विड पॅराफिन आणि कोमट पाणी सोडले. ती नळी घालताना तोंडाची पकड पतींनीच धरली होती. पहाटे पाच वाजण्याच्या सुमारास वायू सरला आणि सव्वासहाला पहिली लीद पडली, तेलकट आणि ओली. पतींनी वहीत वेळ लिहिली.

मी पहाटेच्या एसटीने निघाले आणि सकाळी घरी पोहोचले, तेव्हा ते तबेल्याच्या उंबऱ्यावर बसले होते. मी सांगितलेला अंदाज चुकला होता, कडबा मी बदलला होता आणि दात मी लांबवले होते. त्यांनी यातले काहीही काढले नाही. "आता कोमट पाणी प्यायलीय, सहा लिटर," एवढेच ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात पशुवैद्यांनी दाढा तासल्या, तेव्हा त्यांच्या कडांना सुरीसारखी टोके आलेली दिसली. त्या टोकांमुळे तिला चावताना दुखत होते आणि चारा अर्धवट चावून गिळला जात होता.

एका शब्दाविषयी

या घटनेच्या दहा महिने आधी, मार्च 2022 मध्ये, महिला दिनाच्या एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला होता. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी तापीवर बसून निघत असे, म्हणून आयोजकांनी मला बोलावले होते. भाषणात मी म्हणाले, "यांनी परवानगी दिली म्हणून हे शक्य झालं." टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांनी पतींचे हात हातात घेऊन त्यांचे कौतुक केले. घरी येताना ते मोटारसायकलवर गप्प होते. मग म्हणाले, "परवानगी हा शब्द पुन्हा वापरू नकोस. मी दरवाजा उघडून बाजूला उभा राहिलो, असं वाटतं त्यातून." मला ते तेव्हा विनयाचे बोलणे वाटले आणि मी विसरून गेले.

आता मला वाटते की त्यांची तक्रार अगदी रास्त होती. आपल्याकडे बायकोच्या आवडीला नवऱ्याने हरकत घेतली नाही की त्याला मोठ्या मनाचा ठरवले जाते, आणि या कौतुकात दोघांवरही अन्याय होतो. बायकोची आवड ही नवऱ्याने द्यायची वस्तू ठरते आणि नवऱ्याने खरोखर केलेले काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. रात्रीच्या थंडीत नाडी मोजणारा, नालबंदाचा फेरा जुळवणारा, दुसऱ्या घोडीला नाही म्हणणारा माणूस 'परवानगी' या शब्दाखाली झाकला जातो.

आमच्या भागातल्या धनगर वाड्यांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. दिवाळीनंतर मेंढरांमागे निघणाऱ्या या कुटुंबांचा संसार भीमथडी तट्टांच्या पाठीवर असतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे. मुक्काम हलवताना तट्टांवर ओझे लादणे, दोर आवळणे आणि पुढच्या तळावर ते उतरवणे ही कामे बहुतेक बायकाच करतात. पुरुष मेंढरांसोबत असतात. तिथे घोड्याजवळ जायला बाईला कुणी परवानगी दिली, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. कामाची वाटणी असते आणि दोघांनाही एकमेकांच्या कामाची गरज असते. आमच्या घरात हीच वाटणी होती, फक्त मला ती उशिरा दिसली.

या प्रकरणातून माझ्यापुरता एक बदल झाला. मी कृतज्ञता आता नेमकेपणाने बोलून दाखवते. "तुमच्यामुळे सगळं झालं" असे मोघम वाक्य मी टाळते. "काल तुम्ही पाण्याची बादली उन्हात ठेवलीत म्हणून ती पूर्ण प्यायली," असे म्हणते. ते ऐकताना त्यांना अवघडल्यासारखे होत नाही, उलट ते लगेच पुढच्या कामाविषयी बोलू लागतात. दर गुरुवारी संध्याकाळी ते भजनी मंडळात पखवाज वाजवायला जातात. पूर्वी तापीच्या चंदीची वेळ आड आली की ते भजन बुडवत. आता गुरुवारची संध्याकाळ पूर्णपणे माझ्याकडे आहे आणि तीत मी बदल होऊ देत नाही. दात तासण्याच्या तारखेवरचा निर्णय आम्ही वहीकडे सोपवला आहे. तिथे लाल शाई दिसली की परीक्षा असोत वा पाहुणे, तारीख हलत नाही.

त्यांची भीती गेली, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ते अजूनही तापीच्या मागून जात नाहीत, आणि शहाण्या माणसाने जाऊही नये. पण बांबू ओलांडताना आता ते थांबत नाहीत, आणि तिच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलतात. काय बोलतात ते मी विचारलेले नाही.

सध्या तापी गाभण आहे. घोडीचे दिवस साधारण अकरा महिने, म्हणजे 340 दिवसांच्या आसपास भरतात, पण त्यात मागेपुढे होतेच. वहीत एक नवा रकाना आला आहे. 320 च्या आकड्यापासून पतींनी पेन्सिलीने रोज एक खूण करायला सुरुवात केली आहे, आणि कासेच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागले की विण्याची वेळ जवळ आली, हे त्यांनी सासूबाईंनाही समजावून सांगितले आहे. विणे बहुधा रात्रीच होते. त्या रात्री तबेल्यात कोणी झोपायचे, हे आम्ही अजून ठरवलेले नाही. अंथरुणे मात्र दोघांचीही तिथे नेऊन ठेवली आहेत, आणि परवा पाहिले तर कोपऱ्यात सासूबाईंची घोंगडी आणि बॅटरीही होती.